फुकट देतेय, तरी नको?

पार्ल्याहून फोन होता. आवाज सत्तरीपलीकडचा, पण शब्द नेमके. यजमान वकील, सगळा जन्म हायकोर्टात गेला, वर्षापूर्वी वारले. आता बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेरीस जागा खाली करायची. "ह्यांची पुस्तकं तुमच्या कॉलेजला द्यायची आहेत. ए.आय.आर.चा पन्नास सालापासूनचा सेट आहे, एक व्हॉल्यूम गहाळ नाही. बॉम्बे लॉ रिपोर्टर आहे, मुल्लांच्या टीकाग्रंथांच्या तीन-चार आवृत्त्या आहेत." मग मला अवघड वाटू नये म्हणून त्यांनीच पुस्ती जोडली, "पैसे नकोत हं मला." मी तेव्हा एका विधी महाविद्यालयात ग्रंथपाल होते, निवृत्ती दिसायला लागली होती, आणि अशा फोनांसाठी एक ठरलेलं मऊ उत्तर माझ्याकडे तयार असायचं: निवाड्यांच्या खंडांचा हा संच आमच्याकडे आहे, दुसरा ठेवायला जागा नाही, तुमच्या भावना समजतात. ते म्हणून झालं. पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग बाई म्हणाल्या, "अहो, फुकट देतेय. तरी नको?"

त्यांना राग आला नव्हता. खरोखरच प्रश्न पडला होता, आणि तेच मला जास्त लागलं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. पुस्तकं नाकारणारा ग्रंथपाल म्हणजे काय प्रकार, हे त्या बाईंना कोणत्या तोंडाने समजावणार? शनिवारी अर्धा दिवस होता, मी सरळ पार्ल्याला गेले.

जुन्या वकिलाच्या खोलीचा वास ज्याने घेतलाय त्याला तो सांगायला नको. डांबरगोळ्या, कपाटातलं कोंडलेलं दमट, आणि चामड्याच्या बांधणीची ती तांबूस भुकटी, जी एकदा साडीला लागली की झटकून जात नाही. शेजारच्या प्लॉटवर पोकलेन चालू होता, कपाटांच्या काचा बारीक थरथरत होत्या. व्हॉल्यूम खरंच सगळे होते, ओळीने, सालवार. मी सहज एक काढला, मधून उघडला. एका निवाड्याच्या समासात चिकटवलेली बोटभर चिठ्ठी, बारीक तिरप्या अक्षरात: हा आता चालत नाही, पुढे अमुक सालचा अमुक पानावरचा पाहा. खाली तारीख. डिंक सुकून चिठ्ठी एका कोपऱ्यावर लटकत होती. दुसरा व्हॉल्यूम काढला, त्यातही तेच. नवा अंक आला की माणूस रात्री बसून मागचे सगळे खंड हाताने 'आजचे' करत होता. आज हे काम संगणक करतो, निवाड्याच्या डोक्यावर लाल खूण येते, मुलं ती बघतात आणि पुढे जातात. बाई दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. "रोज जेवणानंतर तासभर," त्या म्हणाल्या, "टीव्ही लावू द्यायचे नाहीत."

तरीही मी तो संच घेतला नाही.

फुकट आलेलं पुस्तक ग्रंथालयाला फुकट पडत नाही. ते आणायला टेम्पो लागतो. आल्यावर कसर-वाळवी बघावी लागते, नाहीतर एका खोक्यापायी अख्खं दालन जातं. ॲक्सेशन रजिस्टरमध्ये नोंद, शिक्का, बारकोड, तालिका, कण्यावरचं लेबल, बांधणी गेली असेल तर बाइंडर. आणि मग जागा. मुंबईत ज्याने स्वतःच्या घरात फ्रीज कुठे ठेवायचा यावर भांडणं केली आहेत त्याला हे सांगायला नको. शिवाय एकदा रजिस्टरमध्ये चढलेलं पुस्तक बाहेर काढणं हा निराळाच छळ असतो: निर्लेखन समिती, याद्या, सह्या, ऑडिटची शेरेबाजी. घरातून सून काढणं सोपं, असं आमचे एक जुने लेखनिक म्हणायचे, त्यांना मी दर वेळी झापायचे आणि दर वेळी पटायचं.

त्यात १ जुलै २०२४ नंतर तर फोनांना ऊत आला होता. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता आणि तिची दोन भावंडं लागू झाली, १८६० पासूनची दंडसंहिता मागे पडली, आणि गावोगावच्या वकिलांनी एकाच महिन्यात कपाटं आवरायला घेतली. तीनशे दोन, चारशे वीस, जे आकडे या देशातल्या शेंबड्या पोरालाही पाठ, त्यांच्यावरचे जाडजूड टीकाग्रंथ रद्दीत निघाले. लोकांना वाटलं कॉलेजला उपयोग होईल. उपयोग होतोच, पण उलट्या अंगाने. १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा, त्यामुळे दंडसंहिता कोर्टात अजून कित्येक वर्षं जिवंत राहणार. म्हणून आम्ही जुन्या टीकाग्रंथांच्या निवडक प्रती ठेवल्या. पन्नास नाही ठेवल्या.

हे 'निवडक' फार अवघड काम आहे. साहित्याच्या ग्रंथालयात जुनं पुस्तक जुनं झाल्याने वाया जात नाही. वैद्यकाच्या ग्रंथालयात जुनं पुस्तक धोक्याचं म्हणून काढून टाकतात. कायद्याचं तिसरंच. कायद्याचं जुनं पुस्तक आज चुकीचं असतं आणि तरी खरं असतं, कारण कोर्ट विचारतं, त्या तारखेला कायदा काय होता? पागडीच्या खोलीचा दावा १९८८ चा असेल तर १९४७ चा मुंबईचा भाडेकायदा लागतो, १९९९ चा चालत नाही, तो अंमलात आला ३१ मार्च २००० ला. कोकणातल्या जमिनीचं भांडण असेल तर १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी ती कोण कसत होतं इथपर्यंत मागे जावं लागतं, आणि मग कुळकायद्याची त्या वेळची प्रत, त्यावेळच्या दुरुस्त्यांसकट. ही प्रत संगणकावर सहज मिळत नाही. संगणकाला आजचा कायदा ठाऊक असतो.

म्हणून त्या खोलीत माझा जीव अडकला तो माळ्याखालच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत. तीत सुतळीने बांधलेली बाडं होती: राजपत्राचे कापलेले भाग, भाडेकायद्याचे नियम, खोती रद्द झाली त्या १९४९ च्या कायद्याची पुस्तिका, कुळकायद्याच्या साठच्या दशकातल्या पातळ प्रती, दुरुस्तीच्या छापील पट्ट्या जागच्या जागी डकवलेल्या. पिवळे, कडा खाल्लेले कागद. मी म्हटलं, हे मी नेते. बाई बघतच राहिल्या. "हे? हे तर मी टाकायला काढलं होतं!"

चहा झाला, आलं जरा जास्तच होतं. तेवढ्यात त्यांचा भाचा आला, सीए आहे, त्याने व्यवहाराचा प्रश्न विचारला: "८०जीची पावती मिळेल का मावशीला?" नाही मिळत. पुस्तकं, कपाटं, वस्तू दिल्या तर आयकराच्या त्या कलमाखाली देणगीची वजावट नाही, ती फक्त पैशांना. तीही रोखीने दोन हजारांपर्यंत, आणि नव्या करप्रणालीत गेलात तर तीही नाही. भाचा हसला, त्याला माहीत होतंच, मला माहीत आहे का बघत होता. मग बाईंनी विचारलं, "पुस्तकं नकोत, तर मग तुम्हाला हवं तरी काय?"

याचं खरं उत्तर 'पैसे' असं आहे. आणि ते तोंडातून निघत नाही. आपल्याकडे पुस्तक मागणं सुसंस्कृत आणि पैसे मागणं हावरट. नोकरीच्या अख्ख्या काळात मी कोणाकडे थेट पैसे मागितले नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात प्राचार्यांनी माईकवरून माझ्याकडे बोट दाखवलं की मी चष्मा पुसायचे.

खरं तर या शहरातलं कायद्याचं शिक्षण उभं राहिलं तेच वर्गणीवर. सर अर्स्किन पेरी, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश, १८५२ मध्ये विलायतेला परत गेले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवला. त्यातून न्यायशास्त्राचं अध्यासन निघालं, आणि त्यातून १८५५ मध्ये कायद्याचे वर्ग सुरू झाले, आजचं चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय. आठ दशकांनंतर, १९३५ मध्ये, त्याच पेरी अध्यासनावर आणि प्राचार्यपदावर डॉ. आंबेडकर आले. वर्गणी देणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वप्नात तरी हे होतं का? नसणारच. मला या कथेत नेमकं तेच आवडतं. त्यांनी पैसे दिले आणि ते बाजूला झाले. पुढे कोण शिकवणार आणि कोण शिकणार, ते त्यांच्या हातात राहिलं नाही. पुढे बाबासाहेबांनी स्वतः संस्था काढली, १९५६ मध्ये सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झालं. ज्या माणसाची पुस्तकं १९१७ मध्ये लंडनहून परतताना बोटीबरोबर समुद्रात गेली, त्याच्या पुढच्या संग्रहातली पुस्तकं आज त्याच संस्थेच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत.

फोर्टातून जाताना राजाबाई टॉवरकडे बघून मात्र माझ्या मनात नेहमी जरा वाकडं येतं. प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख दिले, आणि टॉवरसाठी आणखी दोन लाख. केवढी रक्कम ती त्या काळी! पण दोन्ही इमारतीसाठी. ग्रंथालय शहराचं भूषण व्हावं ही त्यांची इच्छा होती, आणि झालंच. ती रंगीत काचांची खिडकी, ती वळत जाणारी दगडी जिन्याची वाट, कोणाचंही मन हरखतं. पुस्तकांची तजवीज पुढच्यांनी बघायची. दीडशे वर्षांनीही देणाऱ्याचा स्वभाव बदललेला नाही: भिंतीला पैसे मिळतात, भिंतीतल्या माणसांना आणि कागदांना मिळत नाहीत. आणि तो पैसाही कुठला, तर कापसाचा. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, मुंबईत सोन्याचा धूर निघाला; १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि खुद्द प्रेमचंदांसकट अर्धी मुंबई बुडाली. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. तिकडे अमेरिकेत हार्वर्डचं लॉ स्कूल ज्या आयझॅक रॉयलच्या मृत्युपत्रातून उभं राहिलं, त्याच्या घराण्याचा पैसा अँटिग्वातल्या उसाच्या मळ्यांतला, गुलामांच्या घामाचा. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला तेव्हा २०१६ मध्ये त्या शाळेने रॉयलांचं चिन्ह उतरवलं. चिन्ह उतरवता येतं. त्या पैशावर उभी राहिलेली शाळा उतरवता येत नाही. देणगी स्वीकारताना आमच्या समितीत कोणी असा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. आम्ही चेक वटला का एवढंच विचारायचो.

चेक वटला की खरी गंमत सुरू होते. आमच्याकडे एक स्मृतिनिधी होता. एका नामांकित वकिलाच्या मुलांनी नव्वदच्या दशकात पन्नास हजार कायम ठेव म्हणून दिले: मुद्दल हलवायचं नाही, व्याजातून पुस्तकं घ्यायची. तेव्हा बँकेत मुदत ठेवीवर बारा-तेरा टक्के मिळायचे. वर्षाला सहा हजार म्हणजे बरीच पुस्तकं यायची, प्रत्येकात आतल्या पानावर वडिलांच्या नावाची चिठ्ठी. आता साडेसहा टक्क्यांनी सव्वातीन हजार येतात. त्यात परदेशी प्रकाशकाचं करारकायद्यावरचं एक जाड पुस्तक येत नाही. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर येईल फार तर. मुद्दल शाबूत आहे, ऑडिटर खूश आहे, निधी मात्र आतून वाळून गेला आहे. शहाणे ट्रस्टी दर वर्षी व्याजातला थोडा भाग मुद्दलात परत घालतात, महागाईची भरपाई म्हणून. हे आमच्याकडे कोणी केलं नाही, कारण व्याज वाचवलं तर 'अखर्चित' असा शेरा येतो.

वर अट होती. दानपत्रात लिहिलेलं: रोमन कायदा आणि न्यायशास्त्र या विषयांचीच पुस्तकं. वडिलांचे आवडते विषय. रोमन कायद्याचा पेपर आमच्या अभ्यासक्रमातून केव्हाच गेला होता, तरी वर्षानुवर्षं आम्ही इमानेइतबारे तीच पुस्तकं आणत होतो. चाळणी म्हणून मोजायला गेलं तर त्या कपाटातली कित्येक पुस्तकं एकदाही घरी गेलेली नव्हती. आणि त्याच वेळी मुलं रेराच्या, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीच्या कायद्याच्या, पुस्तकासाठी रांगेत. अशा वेळेसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात वाट आहे, कलम ५५ आणि ५६: दात्याचा मूळ हेतू पाळणं अशक्य किंवा गैरसोयीचं झालं, तर धर्मादाय आयुक्तांमार्फत कोर्टाकडे जाऊन पैसा जवळच्या हेतूकडे वळवता येतो. हे कलम आमच्याच वर्गात शिकवलं जातं. शिकवणाऱ्या सरांना मी एकदा म्हटलं, चला, करू या अर्ज. ते म्हणाले, "पन्नास हजारांसाठी वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे खेटे कोण घालणार?" तेही खरं. शेवटी आम्ही न्यायशास्त्र हा शब्द जरा सैल धरला. रेरा त्यात बसलं.

अलीकडे कंपन्यांचा सीएसआर आला आहे, नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी. कंपनीचे लोक येतात, छान बोलतात, फोटो काढतात. त्यांना 'डिजिटल रीडिंग रूम' द्यायची असते: एसी, टेबलं, वीस संगणक, दारावर फलक. कायम निधी द्या म्हटलं तर देता येत नाही, आणि ही त्यांची चलाखी नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीपासून संस्थेच्या कायम निधीत घातलेला पैसा सीएसआरमध्ये धरलाच जात नाही. म्हणजे खोली मिळते. त्या वीस संगणकांवर जे उघडायचं त्या निवाड्यांच्या ऑनलाइन संग्रहांची, एससीसी ऑनलाइनची, मनुपात्राची दर वर्षाची वर्गणी कुठून आणायची, हा प्रश्न फीत कापून झाल्यावर माझ्या टेबलावर येतो.

आणि ही वर्गणी द्यायला कोणी धजत नाही. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. छापील संच विकत घेतला की तो राहतो, कण्यावर नाव घालता येतं, नातू येऊन बोट ठेवू शकतो. ऑनलाइनची वर्गणी ३१ मार्चला संपली की दुसऱ्या दिवशी हातात काही नाही, मागचं वर्षही नाही. तिला नाव लावायचं कुठे? आजोबांच्या स्मरणार्थ पासवर्ड ठेवणार? पण आमच्या मुलांना विचाराल तर त्यांचं शिक्षण त्या पासवर्डवर चालतं. वसई-विरारहून, बदलापूरहून येणारी, दिवसा कुठेतरी नोकरी करणारी मुलं, घरी पुस्तक ठेवायला फळी नाही. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर निवाडा वाचतात. त्यांना पार्ल्याच्या वकीलसाहेबांच्या चामडी बांधणीचा संच दिला तर ती नमस्कार करतील आणि पुन्हा मोबाइल काढतील. बार कौन्सिलचे २००८ चे नियम मात्र नियतकालिकांचे किमान मागच्या दहा वर्षांचे खंड मागतात, म्हणून नवीन कॉलेज निघालं की तपासणीपुरते जुने संच शोधत माणसं फिरतात असं ऐकून आहे. बाईंना मी तोच रस्ता सुचवला. त्यांचा संच शेवटी कोकणातल्या एका नव्या कॉलेजात गेला. तिथे तो उघडला जातो की दाखवला जातो, हे विचारायचं मी टाळलं. चिठ्ठ्यांसाठी मात्र जीव हळहळतो. त्या चिठ्ठ्या मी काढून घ्यायला हव्या होत्या असंही वाटतं, आणि काढल्या असत्या तर त्यांना अर्थ राहिला नसता हेही कळतं.

माझ्या मते सगळ्यात शहाणी देणगी आमच्याकडे आली ती पालघरकडे प्रॅक्टिस करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडून. शिकत असताना अर्धवेळ आमच्या ग्रंथालयात काम करायचा, शिडीवर चढून झाडपूस करायचा, म्हणून त्याला आतलं ठाऊक. त्याने पहिल्याच फोनला विचारलं, "मॅडम, बाइंडरचं बिल किती होतं हो वर्षाचं?" तेव्हापासून दर मे महिन्यात तो ते बिल भरतो. फलक नाही, फोटो नाही. पावसाळ्याआधी बाइंडर येतो, जिन्याखाली बैठक मारतो, खळीचं भांडं, दाभण, कापडाचे तुकडे, आणि महिनाभर तुटलेले कणे शिवत बसतो. ट्रंकेतली ती बाडं त्यानेच बांधली, आम्लरहित कागद मध्ये घालून. पहिल्याच वर्षी दिवाणी कोर्टातले दोन वकील ती शोधत आले, पैकी एकाने झेरॉक्स काढून झाल्यावर विचारलं, हा खजिना दिला कोणी? मी पार्ल्याच्या बाईंचं नाव सांगितलं, संध्याकाळी त्यांना फोन करूनही सांगितलं. "ती ट्रंक?" त्या पुन्हा म्हणाल्या, आणि मनापासून हसल्या.

निवृत्त झाले तेव्हा मीही ग्रंथालयाला काही रक्कम द्यायची ठरवली. एवढं सगळं बघितल्यावर मी अट घालणार नव्हतेच. पत्रात एकच ओळ लिहिली: ग्रंथपालाला योग्य वाटेल त्या कारणासाठी वापरावी, व्याज, मुद्दल दोन्ही. अकाउंट्समधून पत्र परत आलं. देणगीच्या फॉर्मवर 'प्रयोजन' असा रकाना आहे, तो रिकामा चालत नाही, आणि 'ग्रंथपालाला योग्य वाटेल ते' असं प्रयोजन सॉफ्टवेअरमध्ये नाही. मी जाऊन खिडकीवर उभी राहिले. मुलगा भला होता, नवीन लागलेला. म्हणाला, "मॅडम, दोनच हेड आहेत, पुस्तकं किंवा फर्निचर. कशात टाकू?" मी म्हटलं, पुस्तकांत टाक. मग माझ्याच्याने राहवलं नाही, विचारलं, बाइंडिंगचं बिल पुस्तकांत बसतं का? ऑनलाइनची वर्गणी बसते का? त्याने स्क्रीन वर-खाली केली, मान खाजवली, ऑडिटरना विचारून कळवतो म्हणाला. मार्च संपून एप्रिलही गेला, अजून कळवलेलं नाही. पावती मात्र आली आहे, तीवर पदनामाच्या जागी 'ग्रंथपाल' ऐवजी 'ग्रंथपालक' छापलंय, ती दुरुस्त करून घ्यायला पुन्हा एकदा जायचं आहे.